मानाचा रकाना

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
इर्शादच्या लेथवर बारदान टाकलेलं,
पोटमाळ्यावर आम्ही पाचजण, एक पंखा,
आणि पितळेचा दहा बाजूंचा फासा,
त्यानंच उतरवलेला, पंपाच्या शाफ्टमधून उरलेल्या तुकड्यातून.
सात जरा जास्तच पडतो. कुणी बोलत नाही.

मोहीम माझी. नकाशा माझा:
एक नदी, तीन गढ्या, एक मोडका पूल
आणि कधीच समोर न येणारा राजा.
तलवारीचे नियम दोन रात्रींत झाले,
भुकेचे, तापाचे, पाण्यात बुडण्याचेही.
मानाचा रकाना तेवढा चार महिने कोरा.

मग लिहिला एकदाचा.
दिलेला शब्द पाळला, दोन वर.
पाठ दाखवली, तीन खाली.
शरण आलेल्याला सोडलं, एक वर.
पंगतीतून उठवलं गेलं, सगळा गेला.
शून्यावर आलात तर गढीचं दार उघडत नाही.

धैर्यशील ट्रॅक्टरचे पार्ट विकतो, त्याला हिशेब कळतो.
त्यानं वाटेत सात भिकाऱ्यांना सात नाणी वाटली,
मान साठवला धरणासारखा
आणि आठव्या दिवशी सन्मतीला
पुलावरून ढकलून दिलं.
"नियमात बसतंय की भावा."
बसत होतं. वर चार शिल्लक होते त्याच्याकडे.
मी दंड वाढवला.
त्यानं भिकारी वाढवले.

यशोधरा सीपीआरमधली पाळी संपवून येते,
डबा उघडते, बुक्कीनं कांदा फोडते, कमी बोलते.
तिचं पात्र नावाडीण. नाव ठेवलेलं नाही,
लोक म्हणे 'ए होडी' अशीच हाक मारतात.
त्या रात्री तिनं माझा कागद स्वतःकडे फिरवला.
"सरदाराला सुरुवातीलाच दहा.
पाटलाला सात.
मला दोन.
अजून कुणी काही केलेलंच नाही ना?"
मी म्हणालो, तो काळच तसा होता.
"काळ तर तूच बनवलायस," ती म्हणाली,
आणि उरलेला कांदा माझ्यापुढे सरकवला.

घरी जाताना रंकाळ्याला गाडी थांबवली.
कठड्यावर ओळीनं बसलेली माणसं, सगळी पाठमोरी.
तिथं सुचलं, की शब्द एकच आहे आपल्याकडे.
एक ती, जी ताठते, तुकते, कापली जाते.
एक तो, जो फेटा आधी दुसऱ्याला बांधला म्हणून
थोरल्या काकांना भर मांडवातून उठवून घेऊन गेला;
परत आणायला अकरा वर्षं लागली.
माझ्या मानेवर तीळ आहे
हे मला एका न्हाव्यानं सांगितलं. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो.
तोवर तो सगळ्यांना दिसत होता.

रकाना काढून टाकला.
आता कुणाचाच मान स्वतःच्या कागदावर नाही,
उरलेल्या तिघांच्या घडी घातलेल्या चिठ्ठ्यांत आहे.
सुरुवात कोरी, सरदाराचीसुद्धा.
दार ठोठवायचं, मग कळेल उघडतंय का.

पुढच्या सोमवारी नदी चढली.
सन्मतीनं राजाच्या कोठीतलं धान्य पळवलं,
चाबूक घेऊन शिपाई आले,
आणि नावाडीण म्हणाली, "मी घेतलं."
तिला कुणी विचारलंही नव्हतं.
जुन्या नियमानं कबुलीचे चार गेले असते,
तिच्याकडे होते दोन.

धैर्यशीलनं पेन्सिल किती वेळ नुसती धरून ठेवली.
मग काहीतरी लिहिलं, घडी घातली,
उघडली, खोडलं, परत लिहिलं.
"किती दिलेस रे?" इर्शादनं विचारलं.
"आकडा न्हाई लिहिला."

यशोधरानं एक कोरी चिठ्ठी काढून
मधोमध ठेवली, फाशाशेजारी.
"आणि खेळ चालवणाऱ्याची?"
खाली चहावाल्या पोरानं शटर वाजवलं, कुणी उठलं नाही.
चार पेन्सिली चालल्याचा आवाज येत होता.
मी नकाशात काहीतरी शोधतोय असं दाखवत
बसून राहिलो, मान खाली घालून.