चार पत्रांचं वजन

बाहीया ब्लांकात ऑगस्टचा वारा
घरोघरची दारं ठोठावत हिंडतो.
आमचं वाजलं की तू अजून म्हणतोस, "आलो, आलो,"
जणू काउंटरपाशी गिऱ्हाईक ताटकळलंय.

डॉक्टर सुबेल्दिया आपल्या धाकट्याहून लहान.
तिने पडद्यावर तुझी रक्तवाहिनी दाखवली:
"इथे बघा. टाकीच्या तळाशी गाळ बसतो ना, तसं."
तू चष्मा पुसलास, वाकून पाहिलंस,
विचारलंस, "मोझरेला आहे का ती?"
ती हसली नाही.
मी हसले,
मग बाहेर जाऊन यंत्रातली कॉफी घेतली
आणि गार होईतो नुसती धरून बसले.

आता रविवारी भट्टी नाही, घरचा ओव्हन,
आणि हुकूम माझा.
पीठ आदल्या रात्री भिजवायचं, निम्मं कोंड्यासकट,
फ्रिजमध्ये त्याला निवांत फुगू द्यायचं.
साय काढलेल्या दुधाचा रिकोत्ता
फडक्यात बांधून नळाला टांगायचा.
रात्रभर थेंब, थेंब.
तू कूस बदलत म्हणतोस, "नेलिदा, नळ गळतोय."
गळू दे, एल्व्हिओ. तेवढंच पाणी कमी.

तेल ओतायचं नाही, पुसायचं.
त्यासाठी नातीचा रंगाचा ब्रश आणलाय,
नवा, शपथेवर नवा.
कांदा पाण्यात बुडवून उग्रपणा काढलेला,
पालेभाजी चिरून, पिळून, मिठाचा हात लावून.
फाइना राहू दे, ती हरभऱ्याच्या पिठाची,
तिच्यावर डॉक्टरीणबाईंचाही राग नाही.

आणि हा माझा काटा.
पोस्टातून निवृत्त होताना मागून घेतलेला.
एकतीस वर्षं मी याच्यावर पत्रं तोलली,
वीस ग्रॅमच्या वर गेलं की जादा तिकीट,
मग ते प्रेमपत्र असो की कोर्टाची नोटीस.
चीज ऐंशी ग्रॅम.
चार पत्रांचं वजन, एका अख्ख्या पिझ्झ्यावर.

तू भांड्यात हात घालतोस.
मूठ आपली आपणच भरते.
"एल्व्हिओ."
तू थोडं परत टाकतोस.
"एल्व्हिओ."
एकेचाळीस वर्षं सढळ राहिलेल्या हाताला
आखडता हो म्हणून सांगायचं कुणी?
मी सांगते खरी,
पण मला ते वर्ष आठवतं,
बँकांना कुलपं लागली होती, लोक तव्यापळ्या बडवत रस्त्यावर आले होते,
आणि दोन बाल्दोमेरो तुला म्हणाला, चीज निम्मं कर.
तू मान हलवलीस, पाठ फिरवलीस,
आणि नेहमीसारखं दोन्ही हातांनी टाकलंस,
कोंबड्यांना दाणे टाकतात तसं.
त्याने ते तुझ्या पगारातून कापलं.
तू घरी बोलला नाहीस.
मला पाकीट हातात घेताच कळलं होतं.
शेवटी मी पोस्टातली.

पिझ्झा निघतो. पातळ, कडेला करपट,
मधूनमधून लाल उघडं पडलेलं.
तू त्याच्याकडे असा बघतोस,
जणू कुणी पोराला स्वेटर न घालता शाळेत धाडलंय.
एक ऑलिव्ह इकडून तिकडे सरकवतोस.
मग खातोस.
बराच वेळ खातोस.
"टोमॅटो," म्हणतोस.
एवढंच.
आणि दुसरा तुकडा उचलतोस.
मी विचारत नाही, ही तक्रार की शोध.

रात्री दोनला फ्रिजचं दार उघडलं.
वारा नव्हता तो, वाऱ्याला चपला नसतात.
मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले,
उठून काय बोलायचं ते जुळवत.
तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला,
माझ्या ओळखीचा,
काट्याचा पत्रा खाली बसताना होतो तो.

मग थोडी शांतता.
मग काहीतरी परत ठेवल्याचा आवाज.
मग पुन्हा पत्रा.

वीस ग्रॅम असेल, फार तर.
एक पत्र.
तेवढं साध्या तिकिटावर जातं.