वॉशर

गुरुवारी दुपारी दोन ते चार ही खोली माझी.
दारावर फक्त आकडा आहे, सात.
आत काय बोललं जातं ते सगळ्या केमी गावाला ठाऊक,
म्हणून बाहेरच्या बाकावर प्रत्येक जण
पेपर नाकाच्या वर धरून बसतो.

ताइस्तो केइनानेन आत आला, टोपी न काढता.
अडतीस वर्षं बर्फफोड्या जहाजाच्या इंजिनखोलीत.
आता वय एकोणसत्तर, साखर अकरा वर्षांची.
हात असे, की त्यात माझं पेन म्हणजे काडेपेटीतली काडी.

विचारावं मलाच लागतं.
पुरुष हा विषय आपणहून टेबलावर ठेवत नाहीत.
पाठ दुखते म्हणतात, झोप नाही म्हणतात,
आणि उठल्यावर, दाराची मूठ हातात धरून:
"आणि तेही जरा."

"तेही"ला मी नाव घेऊन हाक मारते.
ताठरता. कधीपासून नाही? पहाटे येते का? एकटे असताना?
लघवीला जळजळ होते का, हे विचारावं त्याच सुरात.
आवाज खाली आणला की लाज वर येते,
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, चुका करत कळलं.

छातीत दुखतं? नाही.
जिभेखाली मारायचा फवारा? नाही.
मी तशी खूण केली, गोळीबद्दल सांगितलं:
तासभर आधी, पोट जड नको,
आणि मन नसेल तर गोळी एकटी काही करत नाही.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
उणे बावीसात एक गाडी, इंजिन चालू, धूर सोडत उभी.

मग मी कपाटातून पंप काढला.
पारदर्शक नळी, हाताने ओढायचा दट्ट्या, एक रबरी कडं.
आणि माणूस बदलला.
टोपी काढली. चष्मा लावला.
माझ्याच टेबलावर पंप तीन तुकड्यांत मोकळा केला.
"हा वॉशर कुणी बसवला? उलटा आहे.
झडप मात्र कुणा शहाण्याची."
वीस मिनिटांत पहिल्यांदा सलग दोन वाक्यं.
मी म्हटलं, कडं अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही.
"ते मला सांगू नका," तो म्हणाला,
"कोंडलेल्या नळीचं काय होतं ते मी पाहिलंय."

आणि मग, वॉशरकडे बघत:
"बायकोला कळायलाच हवं का?"

गाडीत कोण आहे?
"आउने."
तिला काय सांगितलंय?
"कान तपासायचेत म्हणून."

मी कोट न घालताच बाहेर गेले.

आउनेने लोकरी मोजे हातातून एकेक बोट सोडवत काढले,
टेबलावरचे तुकडे पाहिले, मग त्याला.
"कान असा साफ करतात होय?"
तो हसला नाही. ती खुर्ची ओढून बसली.
"फवारा गाडीच्या खणात आहे. नोव्हेंबरपासून.
मला माहीत नाही असं त्याला वाटतं."

लाल पेनाने मी गोळी खोडली.
ही दोन औषधं शरीरात भेटली तर
रक्तदाब जिना न बघता खाली येतो.
आणि फवारा गाडीत नका ठेवू, गोठेल,
हेही सांगितलं. कुणाला तरी सांगावं लागतंच.

"दोन वर्षांत तीन नाइटगाऊन घेतले मी,"
ती त्याला नाही, मला म्हणाली.
"एकाचं लेबलसुद्धा काढलं नाही."
खोलीत फक्त रेडिएटर बोलत होता.
ताइस्तो खाली मान घालून पंप जोडू लागला,
वॉशर या वेळी सुलटा.

इंजेक्शनचा विषय निघाला तेव्हा त्याचा रंग उतरला.
पहिला डोस इथेच, डॉक्टरांसमोर, मी म्हटलं,
त्याआधी संत्र्यावर सराव.
"द्या इकडे," आउने म्हणाली,
"भावाच्या रेनडियरना दर शरदात लस मीच टोचते."
त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.
ती मात्र सिरिंज उजेडात धरून रेघा मोजत होती.

ते गेल्यावर मी फॉर्म भरला.
हृदयाचे डॉक्टर, सोमवारी, सगळ्यांत आधी.
साखर. सिगारेट, दिवसाला सात. पत्नी सोबत.
पुढची भेट तीन आठवड्यांनी, दोघांची.
दट्ट्या ओढून पाहिला. हवा कुठूनच गळत नव्हती.
त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.