मैदानाकडे पाठ

पुढची तारीख एकवीस.
धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत पंखा फिरतो
तो फाइलींच्या सुतळ्या हलवण्यापुरता.
आम्ही खाली जिन्यात बसतो, फिलोमिना मावशींच्या डब्यातलं खात,
आणि अन्वर तांबोळी पुन्हा मोजतो पावत्या.
त्रेचाळीस.
पन्नास लागतात.

चौसष्ट सालची घटना, कलम अकरा,
सायक्लोस्टाइल केलेलं, कडेला कपाचा गोल डाग :
वर्षाला दोन रुपये भरील तो सभासद,
आणि पन्नास सभासदांनी मागितली तर सभा घ्यावीच लागेल.
सगळी घटना वाचून काढली.
विश्वस्त आहे, खजिनदार आहे,
चेंडू शिवणाऱ्या दगडूचं मानधनसुद्धा आहे, दरमहा साडेतीन.
मालक हा शब्द कुठेच नाही.

तो नंतर आला.
आला तेव्हा हार आम्हीच घातला, खोटं कशाला बोलू.
नव्या जाळ्या, नवी बस, सरावानंतर पोरांना दोन-दोन अंडी.
मग एकच अंडं.
मग बाटलीहिरवा जाऊन जांभळा आला,
त्याच्या टाइल्सच्या खोक्यांवर असतो तो.
मग बोपोडी ब्रदर्सचं झालं ग्लोरिस्टा एफसी,
आणि नदीकडच्या सरावाच्या मैदानाला लागली पाटी :
ग्लोरिस्टा लॉन्स, लग्न व मुंजीसाठी संपर्क.
मांडवाच्या खांबांचे खड्डे पेनल्टीच्या चौकोनात.
माझा भाचा सुजित तिथेच पाय मुरगाळून पडला,
तळहाताला अक्षता चिकटलेल्या.

तेव्हापासून आम्ही पावत्या शोधतोय.
रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये, दापोडीच्या चाळींत,
एक सापडली बायबलमध्ये, एक पत्र्याच्या ट्रंकेत इनॅमलच्या थाळ्यांखाली,
एक जळगावहून रजिस्टरनं आली,
सोबत वहीचं पान :
हे गेले मार्चात. वर्गणी पूर्ण भरलेली होती.
वकील शेंडगेबाईंनी ती उलटसुलट बघितली,
चष्मा काढला. म्हणाल्या, मयत चालत नाहीत हो.
अन्वरनं ती वेगळ्या पाकिटात ठेवली.
मोजताना ती मोजत नाही,
पण मोजून झाल्यावर एकदा हात लावतो.

आणि रविवारी आम्ही पाठ फिरवतो.
तिकीट काढायचं नाही, कुंपणाबाहेर ओळीनं उभं राहायचं,
तोंड रस्त्याकडे. नव्वद मिनिटं.
समोर पंक्चरवाला, उसाचं गुऱ्हाळ,
सिग्नलला थांबलेली माणसं विचारतात, काय बघताय?
ठरलंय की कुणी वळायचं नाही.
पहिल्या रविवारी गोलची आरोळी उठली आणि
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे खरात गुरुजी वळले.
कुणी काही बोललं नाही.
त्यांनीच दंड म्हणून सगळ्यांना रस पाजला, आलं घालून.

पाठीला कान फुटतात हळूहळू.
रबरी स्टडनं मारलेला पास, चुकीच्या पायानं अडवलेला,
आमचा बॅक आळशी आहे हे त्याच्या धापेवरून कळतं.
गेल्या रविवारी शेवटच्या पाच मिनिटांत
सगळं मैदान एकदम गप्प झालं,
मग एक सपका,
मग लोखंडाचा आवाज, टण्ण,
देवळातल्यासारखा नाही, गॅरेजमधल्यासारखा.
माझी मान दुखत होती न वळल्यानं.

रात्री सुजित जेवायला आला.
जांभळा टीशर्ट बाहेर दोरीवर टाकून, बनियनवर.
बहिणीनं वाढलं. भाकरी मोडत राहिला, खाईना.
म्हणाला, मामा, तुम्ही सगळे पाठमोरे दिसता ना,
गोलमधून मला तेवढंच दिसतं.
मी आमटी ओढली.
काय सांगणार, की तुझ्याकडे नव्हती पाठ?
होतीच की.

बऱ्याच वेळानं विचारलं त्यानं,
शेवटचा कुठे गेला, कळलं?
डाव्या खांबाला लागून बाहेर.
आधी माझी बोटं लागली होती त्याला.

ते पण ऐकलं, म्हटलं.
जेव.