तुलनेसाठी निवडलेलं घर

प्रश्न एकोणचाळीस आहेत.
पहिले सोपे: नाव, वय, खोल्या किती, माणसं किती.
नागमणी कुरापाटी सांगत जाते, हात थांबत नाहीत.
पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा.
माझ्या एका प्रश्नामागे तिच्या दोन विड्या.

विडी घरकुल, तिसरी गल्ली.
चार दारं सोडून एक घर बंद आहे,
त्याच्याबद्दल आम्ही दोघी अजून बोललो नाही.
तिथला मुलगा नऊ वर्षांचा.
बुधवारी ताप, गुरुवारी उलट्या,
शुक्रवारी पहाटे झटके,
आता सिव्हिलच्या खाटेवर
आईकडे बघतो, पण तिला बघत नाही.
माझ्या कागदांत त्याला नाव नाही.
रुग्ण क्रमांक सात.

एका रुग्णामागे चार निरोगी मुलं,
त्याच वयाची, त्याच वस्तीतली, असा नियम.
नागमणीचा लोकेश त्यातला दुसरा.
दारात उकिडवा बसून
सायकलची चेन बसवतोय. काळे हात.

पाणी किती दिवसांनी येतं?
"पाचव्या. कधी सहाव्या. परवा रात्री दोनला आलं होतं बगा."
साठवता कशात?
ती हनुवटीनं दाखवते:
निळं पिंप, सिमेंटची टाकी, दोन घागरी,
लग्नात आलेलं पातेलं.
टाकीवर पत्रा. पिंपावर जुनी चादर,
मोर विणलेली, मधोमध ओली, खाली झुकलेली.
मी चादर उचलून बॅटरी मारते.
पाण्याला उलटे लटकलेले स्वल्पविराम
एकदम तळाकडे पळतात.
कोणत्या जातीच्या अळ्या ते मला कळत नाही.
प्रयोगशाळेला कळेल, सोमवारी.
मी लिहिते: होय.

मच्छरदाणी? नाही.
संध्याकाळी मूल कुठे असतं?
"बाहेरच की ओ. आत तंबाखूची धूळ, खोकतंय."
आसपास डुकरं?
"नाल्यात. कुणाची म्हणून सांगू?"
लसी?
"पोलिओची सगळी दिली."
मेंदूज्वराची?
ती पहिल्यांदा हात थांबवते.
"कुठं मिळती ती?"
मलाही माहीत नाही. मी लिहिते: नाही.
ताप आला तर डॉक्टरकडे किती दिवसांनी नेता?
"आधी मेडिकलची गोळी.
हजार विड्या पुऱ्या झाल्या, माल दिला, की मग."
या उत्तराला चौकट नाही.
मी 'दोन दिवसांपेक्षा जास्त' वर खूण करते.

एकोणचाळीस संपले.
आता ती विचारते, खालच्या आवाजात:
"का ओ ताई, सगळं सारखंच की.
त्यांच्यात पिंप, आमच्यात पिंप.
ती दोघं एकाच नाल्याकडं खेळायची.
मग त्यालाच का?"

मला उत्तर येतं, म्हणजे उत्तराचा साचा येतो.
सगळे कागद पुण्याला जातील,
एक आकडा निघेल, दीडपट, दुप्पट, असा काहीतरी.
तो वस्तीबद्दल खरं सांगेल.
एका मुलाबद्दल विचारलं की गप्प बसेल.
हे तिला कसं सांगायचं
याचं प्रशिक्षण दोन दिवसांत झालं नव्हतं.

मुलाखत संपेपर्यंत सल्ला द्यायचा नाही, उत्तरं बदलतात.
संपली आहे. म्हणून म्हणते, पिंप ओता.
"ओतू? आणि परवापर्यंत?"

मग आम्ही दोघी चादर दुहेरी करून
पातेल्यावर ताणून धरतो, एकेक तांब्या ओततो.
मोराच्या पिसाऱ्यावर अळ्या वळवळत राहतात.
ती चादर उन्हात फरशीवर झटकते, पायानं घासते,
सूप पुन्हा मांडीवर घेते.
सत्तर विड्या मागे पडलेली.

लोकेश माझ्या कागदात डोकावतो.
"माझा नंबर किती?"
सात-दोन.
"म्हणजे त्याच्या नंतरचा?"
हो, असंच काहीसं.
"हजेरीत पण मी त्याच्या नंतरच.
आता सर त्याचं नाव घेतात,
थोडं थांबतात,
मग माझं."