अधिक-उणे

थर्मामीटर कुठं लावलास, नाना विचारतात.
मे महिना. दिवसा चव्वेचाळीस होतं.
साखर पेठेत रात्री अकरालाही पत्रा तापलेला,
माग गप्प, कारण वीज गेलीय.
लॅपटॉपची बॅटरी एकतीस टक्के.

आमच्या घरात 'करोना' हा शब्द काढत नाहीत,
पद्मा आत्या गेल्यापासून.
मी किरीट म्हणते. सूर्याचा किरीट.
त्याला ताप किती, ते बघतेय.

थर्मामीटर नाही लागत, नाना.
तिथं लोखंडाचीसुद्धा वाफ झालेली,
अंगावरचे दहा-बारा इलेक्ट्रॉन हरवून बसलेलं ते,
क्ष-किरणांत कण्हतं.
उपग्रहावर दुर्बिणीपुढं ॲल्युमिनियमचे दोन पडदे,
एक पातळ, एक जाड.
पातळातून किती आलं, जाडातून किती –

"म्हणजे टॉवेल आन् चादर,"
नाना दोरीवरून दोन्ही ओढतात,
मोबाइलच्या उजेडापुढं धरतात, आळीपाळीनं.
"चादरीतनं पण आलं, तर दिवा दांडगा."

हो. माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण.

छत्तीस वर्षं सूत रंगवलं त्यांनी.
पहिल्याच वर्षी खात्यातला थर्मामीटर फुटला,
मालकानं दुसरा आणला नाही.
मग हौद कसा बोलतो ते ऐकायचं:
पुटपुटला की लाल सोडायचा,
खदखदला की काळा.

"आन् सूर्याच्या अंगावर किती?"
साडेपाच हजार.
"वर, त्या किरीटात?"
वीस लाख.

टॉवेल हातातच राहतो.
"बॉयलरपासनं दाराकडं आलं
की जीवात जीव येतो, बिड्डा.
भट्टी गार, आन् तिची वाफ साडेतीनशेपट?
आकडा परत बघ."

का, ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही, म्हणाले.
तरी बघितला.
जाड पडद्याच्या मोजणीतून
काळ्या आभाळाची खरखर वजा करायची राहिली होती.
माझीच चूक. दोन आठवडे दिसली नव्हती.

वीसाचे अठरा झाले.

"अठराच?"
अठरा लाख. अधिक-उणे दोन.
"उणं लिहिलं तर चालतं?"
लिहावंच लागतं, नाना. नाही लिहिलं तर परत पाठवतात.

ते चादरीची घडी घालत राहिले,
काठाला काठ लावून, अंधारात.
मग म्हणाले,
"शेड एवढीशी उणी निघाली
की दिवसाची मजुरी कापायचा आमचा शेठ."

बॅटरी नऊ टक्के.