बोअरहोल क्रमांक सतरा

नाग नदीच्या काठी, नव्या पुलाच्या चौथ्या खांबासाठी
आम्ही जमिनीला भोक पाडतोय.
ऊन सत्तेचाळीस. नदी म्हणजे काळी, फेसाळ रेघ;
कंत्राटदाराच्या नकाशात तिचं नाव ‘नाला’.
फागू मडावी मशीन चालवतो,
मी नोंदवही धरते : खोली, रंग, शेरा.

पहिला दीड मीटर भराव.
सिमेंटचे ढेपळे, बाहुलीचा एक हात,
खर्र्याच्या पन्न्या इतक्या ताज्या
की कालच कुणी थुंकून गेलं असावं.
शेऱ्यात लिहायला हवं होतं : आपण.
लिहिलं : मिश्र.

त्याखाली करडी, मऊ राख.
“कोराडीची असंन जी,” फागू म्हणतो,
“आमच्या दांडीवरचे कपडे असेच होऊन जात.
माय म्हने, लाइट आली न् पांढरा रंग गेला.”

मग दगडी कोळशाचा खंगर, गिरणीच्या भट्टीतला.
भोंगा थांबून किती वर्षं झाली,
खंगर मात्र अजून कामावर.

साडेतीन मीटरवर विटांचा चुरा.
भोसल्यांचा असेल, त्याआधीच्या गोंड राजाचाही;
चुऱ्यावर शिक्का नसतो.
पण वीट भाजायची तर लाकूड लागतंच,
साग, अंजन, धावडा, हाताला येईल ते.
फागू बराच वेळ बोलत नाही.
मग गमछानं मान पुसत म्हणतो,
“आमच्यायनंबी तोडलंच असंन न बाई.”

काळी माती. चिकट, बुटाला सोडेना.
तिच्यात बोटभर जाडीची कोळशाची रेघ.

जुनापाणीला आमची सहल गेली होती, सातवीत.
दगडांच्या वर्तुळात बसून आम्ही चिवडा खाल्ला.
ही माणसं लोखंड वापरत, बाई म्हणाल्या,
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
लोखंडाला आग लागते, आगीला जंगल,
हे तेव्हा कुणीच विचारलं नाही.
ही रेघ त्यांचीच, असं मी म्हणत नाही.
वणवाही असू शकतो.
पण मला एक तरी थर हवा होता
ज्याच्यावर बोट ठेवून म्हणता येईल,
इथपर्यंत सगळं ठीक होतं.

सात मीटरला नळीतून वाळू आली.
पिवळी, धुतल्यासारखी, ओली.
तिच्यात नखाएवढे शिंपले.
फागूनं मूठ नाकाशी नेली,
मग माझ्यासमोर धरली.
काही वास नव्हता.
खाली तो ‘नाला’ वाहत होता,
आणि इथे त्याचीच वाळू, बिनवासाची.

फोन वाजला. साहेब. “खडक लागला का?”
“लागेल, सर.”

लागला. नऊ पूर्णांक दोन.
सूर्य कलताना भोकात सिमेंट ओतलं,
पुढच्या कुणाला नळीत सापडेल असं,
करडं, एकसारखं, आमचं.
नमुने पेटीत, पेटी गाडीत.

वाळूच्या पिशवीत एक शिंपला कमी आहे.
तो फागूच्या खिशात गेलेला मी पाहिला.
शेऱ्याचा रकाना
मी कोराच ठेवला.