एकशे दोन

मुख्य साखळीवर पैसे आले तेव्हा
एर्मेलिंदा चिपाचं पीठ मळत होती.
हात बरबटलेले, म्हणून कोपरानंच फोन सरकवला.
तीन ठोकळे झालेत.
एकशे दोन व्हायचेत.
तोवर नाणं खुंटीला बांधून ठेवायचं,
मगच बाजूच्या साखळीवर त्याची सावली चरायला सुटते.

"म्हणजे किती वेळ?" बासिलियोनं विचारलं.
होडीच्या मोटारीचं पिस्टन त्याच्या मांडीवर, चिंधीत.
"सतरा तास. उद्या ये."
तो पारानाकडे बघत बसला.
एवढी रुंद नदी, तिला कसली घाई.
बेटामागचा ओढा मात्र अरुंद,
पाच वल्ह्यांत पार.
ती त्याच्याकडे हनुवटी करून म्हणाली,
"एकदा आत शिरलं की असं."

रात्री चौसष्ट.
पहिला कोंबडा आरवला तेव्हा अठ्ठ्याण्णव.

सकाळी तिनं एक बोट टेकवलं,
आणि मिनिटभरात बासिलियोचा खिसा थरथरला.
पिस्टन चिंधीसकट टेबलावर.

आन्सेल्मो पाठीमागे उभा होता.
एकतीस वर्षं रोज रात्री तो तिची टोपली मोजतो,
किती विकलं, किती उरलं, किती खाल्लं.
पडद्यावर त्याला दिसलं ते एवढंच:
व्यवहार झाला. रक्कम झाकलेली.

"किती दिलेस?"
"साखळीला विचार," ती म्हणाली
आणि भट्टीत दुसरा घाणा सरकवला.

पाकिटाचे बारा शब्द
तिनं एकदा मला म्हणून दाखवले होते.
त्यातले दोन मी विसरले.
मुद्दाम.